स्वच्छ पान

मंगळवार, ४ मार्च २०२५

माझी मुलगी खोटं लिहिते म्हणे! संघप्रिया. चौथीत वहीवर शाईचा डाग पडला म्हणून जेवली नव्हती, ती.

दुपारी तिचा फोन आला. जहाज काल गोव्याला परत लागलं. महिनाभर ही मंडळी एका बुडालेल्या डोंगरावर होती – विझलेला ज्वालामुखी, तळापासून तीन किलोमीटर उंच, तरी माथा पाण्याखालीच. नवव्या डुबकीत यानाचा कॅमेरा चालू होता, पण चाळीस मिनिटांचं काहीच साठवलं गेलं नाही. ना चित्र, ना आकडे. नेमकं तेव्हाच पश्चिम उतारावर प्रवाळांचं रान दिसलं. यानाने एक फांदी तोडून आणली. पडद्यावर दिसलं ते हिने हाताने लिहिलं: खोली अकराशे ऐंशी मीटर.

त्याच पट्ट्यात खडकाचं काळं कवच खरवडून काढायची चाचणी ठरली आहे, धातूंसाठी. प्रवाळ तिथलं असेल तर चाचणी थांबेल. मोहीमप्रमुख म्हणतात, फांदी दुसरीकडची आहे आणि पान मागाहून बनवलंय. सोमवारी समितीपुढे चौकशी.

मी म्हटलं, आई तुझ्या पाठीशी आहे. मग लाइन गेली.

बुधवार, ५ मार्च

संघप्रिया फोन उचलत नाही. सात वेळा केला.

गुरुवार, ६ मार्च

पाचव्या दिवशी नळाला पाणी. चिमाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "ताईंचा डोंगुर पाण्यात हाय व्हय? मग चढत्यात कसं?"

"चढत नाहीत. वरून यान सोडतात."

"आन् तितं झाडं हायती?"

"झाडासारखे प्राणी. एकेक दोन-तीनशे वर्षांचा. खालचं कवच तर दहा लाख वर्षांत बोटाच्या पेराएवढंही वाढत नाही."

"आन् त्ये खरवडायचं? एवढी हौस आसंल तर हितं या म्हनावं. माजा तवा हाय की."

मंगळवारपासून पहिल्यांदा हसले.

शुक्रवार, ७ मार्च

मोहीमप्रमुखांचा नंबर मिळवला. एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय, असल्यांना घाबरत नाही.

"मॅडम, बोटीवरच्या पानावर मीठ असतं, चहा सांडलेला असतो, खाडाखोड असते. हे पान तर दाखवायला सजवून बसवल्यासारखं आहे."

"तुमचं अक्षर लहानपणी कुणी तपासलं नाही, म्हणून दुसऱ्याचं स्वच्छ अक्षर गुन्हा होत नाही."

"कबूल. मूळ पान दाखवा, मी माफी मागतो."

"असेल की तिच्याकडे."

"फाडलं म्हणतात त्या. फेअर झाल्यावर."

मी फोन ठेवून दिला.

ही सवय माझी आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही आधी रफ लिहायचो, मग फेअर. मग सिस्टरांसमोर रफ फाडायचं. मी घरी तेच चालवलं. ही रोजनिशीसुद्धा दुपारी कागदावर लिहिते, संध्याकाळी वहीत उतरवते, कागद फाडते. दुसरीत असताना संघप्रियाने एक रफ पान गादीखाली लपवलं होतं. त्यावर मांजराचं चित्र होतं. ते मी तिच्याच हातून फाडून घेतलं.

शनिवार, ८ मार्च

समितीला पत्र लिहायला घेतलं. लिहिलं, की फाडणं ही आमच्या घरची शिस्त आहे, लबाडी नव्हे. माझ्या चाळीस वर्षांच्या रोजनिश्या येऊन बघा, एक खोड सापडणार नाही. सोबत एखाद्या पानाचा फोटो जोडावा. शक्य तर रफ आणि फेअर, दोन्ही शेजारी.

पण रफ आणायचं कुठून?

तिचा फोन नाही. मी एवढी पाठीशी उभी असताना हा राग कशाचा?

रविवार, ९ मार्च

रफ मिळालं. चिमाबाई माझे फाडलेले कागद टाकत नाही, फडताळात बरण्यांखाली घालते. शेंगाचटणीची बरणी उचलली तर खाली मंगळवारच्या पानाची दोन अर्धुकं. तेलाने माखलेली. जोडून वाचली.

"मी पहिलं विचारलं, खरं सांग, मागाहून लिहिलंस ना? मग तिनेच फोन ठेवला."

वहीत उघडून पाहिलं. आई तुझ्या पाठीशी आहे. लाइन गेली. माझंच अक्षर, किती सुंदर.

हे मी ठरवून केलं नव्हतं. उतरवताना हात आपोआप बरं लिहितो.

पत्र पाठवलं नाही. ही दोन पानं शेजारी ठेवली तर एवढंच सिद्ध होतं, की आमच्या घरात फेअर करताना गाळलं जातं. समितीला नाही, पण संघप्रियाला दोन्हींचे फोटो पाठवले. खाली लिहिलं: चुकले.

सोमवार, १० मार्च

हे थेट वहीत लिहिते आहे. खाडाखोड झाली तर होऊ दे.

अकराला दहा मिनिटं कमी असताना फोन आला. मागे खुर्च्यांचे आवाज. म्हणाली, "आई, तुझी पानं बघितली. मीपण एक ओळ गाळली होती. खोलीचा आकडा पडद्यावर स्थिर नव्हता, हजार ते बाराशेमध्ये उड्या मारत होता. फेअर करताना मी एकच लिहिला. आता आत जाऊन तसंच सांगू?"

मी म्हटलं, सांग.