डाव्या नळीवरचा पांढरा डाग

१ ऑक्टो., खंडेनवमी
बाबा आयसीयूतच. मी दहा मिनिटांसाठी घरी आले ती फक्त पूजेसाठी. आजोबांची दुनळी बंदूक बाबांनी एकाही नवमीला पूजेवाचून राहू दिली नाही. त्यांच्याशिवाय तिला कोणी हात लावत नसे, त्यामुळे कपाटातून काढायची माझी पहिलीच वेळ. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं नीट केलं. तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन. तशीच पळाले.

५ ऑक्टो.
बाबा जरा बरे. चार दिवसांनी घरात पाऊल टाकलं. हार कुजलेला, खाली डाव्या नळीवर गंज. पूजा झाल्या झाल्या बाबा ओलं कुंकू पुसून तेलाचा हात का फिरवतात, ते आज कळलं. तबक, समई घासतच होते, त्याच पावडरीनं नळीही घासली. गंज गेला. पण वीतभर जागा ताटलीसारखी पांढरी पडली.

७ ऑक्टो.
सदर बाजारातले बंदुकीचे म्हातारे मिस्त्री घरी आले. (लायसन बाबांच्या नावावर, मला रस्त्यानं नेता येत नाही.) आधी बंदूक उघडून मिटवली, नुसती ती 'टक्' ऐकायला. "सुनो दीदी. आजकल की बंदूक ऐसे बंद होती है क्या?" अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता खिडकीशी धरून किती वेळ बघत बसले. मग नळी वळवली, त्या डागावर बोट ठेवून समजावलं.
लोखंड-पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, ठोकून ही नळी घडवलेली. म्हणून तिच्यावर लाटांची नक्षी. रंगासकट तीच मी घासून काढली.
"जंग तो मैं निकाल देता. ये रंग चढ़ाने वाला अब रायपुर में कोई नहीं."
पन्नाशी उलटली माझी, आणि ही अक्कल. एक फोन आधी केला असता तर...

१२ ऑक्टो.
बाबा घरी. डॉ. म्हणाले, आता औषधापेक्षा घरची माणसं बरी. नागपूरला दादाला मी फोन करून डागाचं सांगितलं.
"सांगू नको त्याईले. तशी पण कोण चालवते ती? शिकार बंद होऊन जमाना झाला."
दादाला कधी कळलंच नाही. माझ्या जन्मापासून बाबांनी ती एकदाही चालवली नाही. रविवारी मांडीवर घेऊन पुसत बसायचे, आणि तेवढा वेळ कोणावर ओरडायचे नाहीत.

१५ ऑक्टो.
बाबांनी बंदूक मागितलीच. "आण ना वो माय, पाहू दे." उद्या म्हटलं.

१६ ऑक्टो.
आणली. बाबा व्हरांड्यात उन्हात बसले होते. अंगठा डाव्या नळीवरून फिरत गेला आणि थांबला. सांगायला मी तोंड उघडलं, तर तेच आधी बोलले.
"नवमीले माह्याच हातून पुसाची राह्यली वाटते. काही आठवून नाही राहिलं मले."
नवमीला आपण आयसीयूत होतो, हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.
रडले. आई गेली तेव्हाही नव्हते रडले.
"माह्या बाबानं जिंदगीभर जपली, अन् म्या..."
मी बंदूक घेतली, कपाटात ठेवली. काहून नाही बोलले मी?

१८ ऑक्टो.
बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आज मी पेज घेऊन बसले ती सांगायचं ठरवूनच. म्हटलं, बाबा, ते नळीचं...
त्यांनी माझा हात धरला. "तू तरी माह्यावर राग नको धरू, माय."
म्हटलं, नाही धरत.
चार चमचे पेज गेली.