डब्याला काय कळतं

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मनात तुमच्याशी रोज बोलते, पण लिहायला आज पहिल्यांदाच बसले, कारण काल ग्रामसभेत मी जे केलं ते नुसतं मनात बोलून हलकं होईना.

तुम्ही ग्रामपंचायतीला उभे राहिला होता तेव्हा मी पाचवीत होते. मतं समान पडली. अंबडला तहसीलमध्ये साहेबांनी दोन चिठ्ठ्या डब्यात टाकून एक काढायला लावली, ती समोरच्याची निघाली. येताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला आहात, आणि तुम्हाला धीर द्यावा म्हणून मी म्हणते, "जाऊ द्या बाबा, नशिबात नव्हतं." तुम्ही एकदम वळता. "नशीब म्हणू नको पोरी. मताचा हक्क लई मुश्किलीनं मिळाला आपल्याला. बराबरी झाली तर लोकायला परत इचारावं. डब्याला काय कळतं?" इतक्या करड्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मागच्या निवडणुकीत त्याच वॉर्डातून मी उभी राहिले. समोर आपल्याच गल्लीतली, शिवणकाम करणारी बाई. पुन्हा समान मतं, पुन्हा चिठ्ठी, आणि या वेळी माझी निघाली. लोकांनी गुलाल उधळला, तो मी अंगावर घेतला. चिठ्ठीबद्दल चकार शब्द काढला नाही.

काल तीच बाई सभेत उठली. समान मतं पडली तर चिठ्ठी नको, फेरमतदान घ्या, असा नियम बदलायची मागणी सरकारकडं करू, ठराव मांडा, म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "ताई, तुमचे बाबा तर हेच म्हणत व्हते. तुम्ही अनुमोदन द्या." सगळी सभा माझ्याकडं बघून राह्यली. मी म्हणाले, "परत मतदान म्हंजी गावात परत भांडणं. हाय तेच बरंय." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. वर होऊ लागलेले हात खाली गेले. ती चपला घालून निघून गेली.

बाबा, भांडणाची भीती मला नव्हतीच. त्या वेळी लोकांना परत विचारलं असतं तर त्यांनी तिलाच निवडलं असतं, हे मला गुलाल अंगावर असतानाच कळलं होतं. तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून एवढं लिहिता आलं. तिचं घर चार दारं सोडून आहे. तिथं जायचं धाडस अजून झालं नाही.