ताडपत्रीवरचं दुकान

आप्पा,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज सकाळपासून एका ओळीवरून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. म्हटलं, लिहूनच काढावं. आपलं दुकान आता मोबाईलवर आहे. हसू नका. लोकर, क्रोशाचा दोरा, मणी, लेस, रुखवताचं झाडून सगळं सामान. बायका घरी बसून बघतात, बोटानं निवडतात, आणि यवतच्या आमच्या मागच्या खोलीतून खोकी भरून जातात. दुकान मांडलं माझ्या सूनबाईनं, तुमच्या नातसुनेनं. तिनंच त्यात 'आमच्याविषयी' असं एक पान केलं आणि त्यावर पहिलीच ओळ घातली, 'शिरूरच्या पेठेतल्या आजोबांच्या दुकानाची परंपरा.' ही ओळ आता खोक्यांवर छापायला जायची आहे आणि दुपारपर्यंत मी हो म्हणायचं आहे. ओळ खोटी आहे. तुमचं शिरूरला दुकान कधीच नव्हतं. तुमची ताडपत्री होती, न्हावऱ्याच्या बाजारात, शिरूरच्या, यवतच्या, जिथं बाजार भरेल तिथं. सूनबाईला हे ठाऊक नाही, कारण लग्न ठरताना मीच ते दुकान बोलण्यात बांधलं आणि आजवर पाडलं नाही.

सुरुवातीला आम्ही सपशेल आपटलो होतो. सूनबाईनं गोल दिवा लावून झकास फोटो काढले आणि पार्सलं परत यायला लागली. फोटोत डाळिंबी, हातात विटकरी. पोरगी रडकुंडीला आली, म्हणाली, "आई, बंद करून टाकू." तेव्हा मला तुम्ही दिसलात. एखादी बाई ब्लाऊजपीस घेऊन येते, तुम्ही रीळ उचलता, गुडघ्यावर हात टेकून उठता आणि सावलीतून भर उन्हात जाता. "हितं ये बाई, उजेडात बघ. तिथं न्हाई कळायचं." गिऱ्हाईक वैतागायचं, तुम्ही नाही. मग मी सगळी लोकर गच्चीवर नेली. प्रत्येक रंगाशेजारी घरातलं काहीतरी ठेवलं, चमचाभर हळद, कांद्याचं साल, आमसूल. रंगांना नुसते नंबर होते, ते काढून नावं घातली: चिंतामणी, अबोली, राणी, आमसुली. सूनबाई म्हणाली, "हे दुकान हाय का भाजीबाजार?" पण हळद कशी दिसते हे कुठल्याही बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पार्सलं परत यायची जवळजवळ थांबली. अगदी थांबली असं नाही, कारण काही बायका नवऱ्याचा राग लोकरीवर काढतात.

दुसरी गोष्ट मी तुमच्याकडून मार खाऊन शिकले नाही, त्याहून वाईट रीतीनं शिकले. कुणी तोरणासाठी किंवा स्वेटरसाठी लोकर नेली, की त्याच लॉटचे दोन गुंडे तुम्ही मागं काढून ठेवायचात आणि वर नावाची चिठ्ठी खोचायचात. लोकर कमी पडतेच, आणि पुढच्या लॉटचा रंग तोच म्हटला तरी तोच निघत नाही. मी बारा वर्षांची असेन. तुम्ही चहाला गेला होतात, बाजार रंगात आला होता आणि एक बाई हटूनच बसली. मी चिठ्ठी काढली आणि गुंडे तिला देऊन टाकले. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तासाभरानं जिच्या नावाची चिठ्ठी होती ती मुलगी आली. हातात अर्धं तोरण, लग्न आठ दिवसांवर. तुम्ही नवा गुंडा काढून तोरणाला लावून बघितला, उन्हात नेला, आणि तो तसाच खाली ठेवला. मला एवढंच विचारलंत, "वाचता येतं ना तुला?" मग ताडपत्री शेजारच्याच्या भरवशावर टाकून तुम्ही मला घेऊन गुंडे नेलेल्या बाईच्या वस्तीवर चालत गेलात. पुढं तुम्ही, मागं मी नाक पुसत. दारात तुम्ही हात जोडलेत. "माज्या पोरीची चूक झालीया, वहिनी. दुसरी लोकर देतो, मनाला येईल ती घ्या." तिनं एका गुंड्याचं टोपरं विणायला घेतलं होतं. ते तिनं आमच्यासमोर उसवलं, माझ्याकडे बघत. मला अजून त्या उसवण्याचा आवाज येतो.

म्हणून आमच्या मागच्या खोलीत एक मांडणी आहे, तिच्यावरचा माल मोबाईलवर दिसत नाही. सूनबाईनं आधी कपाळावर हात मारला. माल असून नाही म्हणायचं म्हणजे काय! मग एक दिवस दौंडहून एका मुलीचा निरोप आला, तिचं रुखवताचं तोरण दोन गोंड्यांसाठी अडलं होतं. त्याच लॉटचा गुंडा दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पडला. तिनं मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी आत्या-मावश्यांना. आता लोक विचारतात, तुमच्या दुकानात असं काय आहे? दुसरीकडे फोटो जास्त चकचकीत आहेत, खोकी जास्त देखणी आहेत. मी काय सांगणार? आमच्याकडे काम अडत नाही, एवढंच. आणि मी खुशीत आहे, आप्पा. सकाळी चहा झाला की मी मागच्या खोलीत जाते, रंग लावते, चिठ्ठ्या लिहिते, आणि गुणगुणतेसुद्धा. माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

पण ती ओळ. मला बघायला आले होते तेव्हा नणंदेनं विचारलं, वडील काय करतात? तुम्ही पलंगावर सुपारी कातरत बसला होतात. मी म्हणाले, "शिरूरला दुकान हाय." अडकित्ता थांबला. मग पुन्हा चालायला लागला. तुम्ही मला खोटं पाडलं नाहीत, नंतर एकांतातही एक शब्द काढला नाहीत. लग्नानंतर मात्र तुम्ही यवतला, माझ्या सासरच्या गावी, बाजाराला पुन्हा कधी आला नाहीत. तुमचा सगळ्यात चांगला बाजार तो. सासरच्यांनी तुम्हाला ताडपत्रीवर बघू नये म्हणून तुम्ही तो सोडलात हे मला ठाऊक होतं, आणि तुम्ही विचारायला जागा ठेवली नाहीत म्हणून मी विचारलं नाही.

इथवर सकाळी लिहिलं. दुपारी सूनबाई लॅपटॉप घेऊन आली तेव्हा मी सांगून टाकलं. सासूबाई तिथंच लसूण सोलत होत्या, त्यांच्यादेखत. सूनबाई बघतच राहिली, पण सासूबाईंनी मानही वर केली नाही.

"मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "सोयरीक करायची तर मानूस बघाया नको? तुला बघाया यायच्या आदीच मी न्हावऱ्याच्या बाजारात जाऊन आले व्हते. एक म्हातारी दहा-बारा सुया घिऊन आलेली, तिला दिसत न्हवतं. तुजा बाप एकेक सुई ओवून देत बसला व्हता. गिऱ्हाईकं खोळंबली, तरी ह्यो आपला सुया ओवतोय. म्हनलं, ह्याचीच पोरगी करायची."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हनून वाट बघितली. मंग इसरले."

सूनबाई खो खो हसत सुटली आणि हसता हसताच तिनं ओळ खोडली. आता खोक्यावर येईल, 'आमचे आप्पा बाजारात ताडपत्री टाकून लोकर विकायचे.' छापणाऱ्याला निरोप गेला. मीही हसले. मग मागच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि हे पुढचं लिहायला बसले. ज्यांच्यापासून लपायला तुम्ही बाजार सोडलात, त्यांनी तुम्हाला आधीच बघितलं होतं, आणि पसंत केलं होतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. तुम्ही यवतला यायचं सोडलंत तेव्हा मला फार वाईट वाटलं, असं मी स्वतःला सांगत आले. वाईट पुढं वाटलं, फार पुढं. तेव्हा, आप्पा, मला हायसं वाटलं होतं.