गच्चीवरचे पाहुणे

प्रिय धाकटोबा,

तुझी गच्ची अगदी बहरली आहे. झेंडूचे गेंद एवढे मोठे झालेत की त्यांना काठ्या लावाव्या लागल्या. आणि गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्यावर एक मधमाशी फिरकलेली नाही. शाबासकी द्यायला हे पत्र लिहीत नाहीये, एवढं तुला कळलं असेलच.

वर्षाकाठी चार दिवस यायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या, ही तुझी जुनी खोड. या खेपेला म्हणे बाबांना भेट, 'फुलपाखरांची बाग'! तेवीस कुंड्या. अरे, त्या रोपवाटिकेवाल्याला एकदा तरी विचारायचंस, या फुलांत मध मिळतो का म्हणून. पाकळ्यांवर पाकळ्या चढवलेल्या फुलात माशीला आत शिरायला वाटच उरत नाही, हे मला बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं. नुसता थाट. तुला आवडला यात नवल नाही.

आणि उपटलंस काय? लिंबाचं रोप, का तर पानं कुरतडलेली. रुई, का तर रानटी. कोथिंबीर जून झाली म्हणून, आणि सब्जा तर तू गवत समजून फेकलास. कोथिंबीर आणि सब्जा बाबांनी मधमाश्यांसाठी मुद्दाम फुलू दिले होते. लिंबू आणि रुई अळ्यांसाठी. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पिईल, पण अंडी घालायला त्याला ठरलेलंच झाड लागतं, कारण पिल्लं दुसरं काही खात नाहीत. तू पोरांना घराबाहेर काढलंस आणि आईबापांना जेवायला बोलावलंस! वर फवाराही मारलास, काही उरायला नको म्हणून.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले, तेव्हा आठ महिने ते भिंतीकडे बघत बसायचे, हे तुला फोनवर किती कळलं असेल कोण जाणे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, हात रिकामे. मग एक दिवस लिंबावर अळी दिसली. त्यांनी डबीतून ते डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि रोपासमोर बैठक मारली. तेव्हापासून रोज सकाळी मला वर्दी यायची, "आज सहा पाहुणे आहेत जेवायला. एकाचं पोट बिघडलेलं दिसतंय." तुझ्यासमोर ते "छान केलंस हो" म्हणाले. तू गेलास आणि भिंग परत डबीत गेलं. आता अर्धी पोळी खातात आणि ताट सरकवतात. माझा नुसता संताप होतो.

पण तू काय म्हणणार आहेस ते मला माहीत आहे. तू गच्चीच्या दारातून विचारलं होतंस, "ताई, हे सगळं काढू का?" मी कपड्यांची बादली घेऊन जिना चढत होते. म्हणाले, "काढ एकदाचं. कंटाळा आलाय त्या किड्यांचा." म्हणाले मी. खोटं कशाला बोलू? मला त्या अळ्यांचा हेवा वाटायचा. त्यांचं पोट बिघडलेलं बाबांना कळायचं. तीन वर्षांत मला कधी विचारलं नाही, तू जेवलीस का म्हणून.

काल न राहवून बाबांना सगळं सांगून टाकलं, की त्याच्या एकट्याची चूक नाही, मीच हो म्हटलं होतं. ते म्हणाले, "ठाऊक आहे. जिन्यातलं सगळं माझ्या खोलीत ऐकू येतं." मी ओरडलेच त्यांच्यावर, मग तेव्हाच का नाही अडवलंत आम्हाला? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "घर तुझं आहे, बाळ. मी कसा नको म्हणणार?" म्हणून फोन न करता लिहिते आहे, हे तरी त्यांच्या कानावर पडू नये. या रविवारी ये. येताना एकही कुंडी आणू नकोस. कुठली झाडं लावायची ते त्यांना विचारायचं आहे, आणि विचारायला मला एकटीला तोंड नाही.

तुझीच,
रागावलेली ताई