लोकूमल सेठच्या काउंटरवरचा समुद्र

सोमवार, ११ जानेवारी १९५४

आणि वर धर्मराजच सेठला सांगतो की कपबशा मी फोडतो. दिवाळीपासून त्याचं हेच चाललंय. मी फोडत नाही. त्या फुटतात. सिंधी निर्वासितांच्या या कॅम्प चारचं पाणी जड आहे, त्यात बशी हातात थांबत नाही. धर्मराजला हे कळणार नाही. तो पडला पालेगावचा, शेतातून उठून थेट भट्टीपुढे उभा राहिलेला.

मूळ मुद्दा असा की मी दर्यावर्दी माणूस. बाप मालवणातला नावाजलेला मच्छीमार. आणि मला इथे चहा-फालुद्याच्या दुकानात बादलीपुढे बसवलंय. होडीत बसलो की मला ओकारी होते, ते वेगळं. तो पोटाचा दोष आहे. दर्यावर्दीपणाशी त्याचा संबंध नाही.

ठराव: या साली लोकूमल सेठचा पार्टनर व्हायचं.

रविवार, १७ जानेवारी

सुटी. मुंबईला जाऊन नवीन मत्स्यालय पाहिलं. काचेच्या पेट्या, आत मासे, दगड, पाणी. माणसं तिकीट काढून रांगेत उभी. आणि बघतात काय? तर माझा बाप जाळं झाडताना जे परत समुद्रात फेकतो, ते!

येताना डोकं नुसतं भणभणत होतं. सेठच्या दुकानासमोर नवं दुकान झालंय. त्याने रेडिओ लावलाय, सगळं गिऱ्हाईक तिकडे. आम्ही काय लावायचं? आम्ही समुद्र लावायचा.

सोमवार, १८ जानेवारी

सेठशी बोलणी केली. सिंधीत केली. सिंधी मला येते. त्यांच्यात ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात, मग शिकायचं उरलं काय? सेठने उत्तर मात्र हिंदीत दिलं. विचारलं, "अडे हरी, समुंदर देखके आदमी फालुदा जादा पिएगा क्या?" मी म्हणालो, दुप्पट. खारा वारा लागला की तहान वाढते. सेठ विचारात पडला. मग म्हणाला की चेटीचंडला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, दुकान गिऱ्हाइकांनी भरून दाखव. मग चार आणे भागी तुझी.

घरी लगेच पत्र टाकलं. ‘पार्टनर झालो. नव्या जाळ्याचे शंभर रुपये चैत्रात पाठवतो. लाल पोवळं, मोठं, एक नग, आणि दगडातले रंगीत मासे पाठवणे.’ पार्टनर अजून झालो नाही. पण होणारच आहे, मग त्याच बातमीला दोनदा पोस्टेज कशाला?

मंगळवार, ९ फेब्रुवारी

बाबांचं पत्र. शाळामास्तरांकडून लिहून घेतलंय, पण बोलणं बाबांचंच. "झिला, लाल पोवळा हय मिळणा नाय. दर्यातल्या खडपार दगड आसत, ते पाण्यात फुलतत. ते जिते आसत. बोट लावलंस तर मिटतत." पुढे, जाळं पार फाटलं, रोज हात हलवत परत येतो. "शंभर धाडशीत तर पावसाआधी नवा करतंय."

जिवंत दगड! म्हातारपणी माणसाचं असं होतं. धर्मराजला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जित्ता दगड व्हय? मंग तुला बघून वळखंल, सोयरा लागतोस."

गुरुवार, १८ फेब्रुवारी

टाकी तयार. अंबरनाथच्या लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली. काचा सेठच्या घरच्या कपाटाच्या. सेठाणीला अजून सांगितलेलं नाही. टाकी थोडी गळते. नवीन टाकी गळतेच.

रविवार, २८ फेब्रुवारी

मावसभाऊ चंदर बोटीवर खलाशी आहे. त्याच्याबरोबर समुद्र आला. दोन डबे नुसतं खारं पाणी, आणि एका डब्यात दगड, दोन पट्टेरी मासे, एक खेकडा. वाटेत चंदर सारखं पाणी बदलत होता. म्हणाला, तुझ्या बापसाने बुडी मारून काढलाय, दोन वेळा पाय कापला.

दगड लाल नाही. मातकट, तांदळाच्या भाकरीसारखा. सेठला लाल सांगून बसलोय. गेरू लावावा का?

बुधवार, ३ मार्च, दुपारी

लिहायला बसलो, कारण कोणाला सांगितलं तर हसतील.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पत्र्याच्या फटीतून ऊन टाकीवर पडलं होतं. बघतो तर दगडावर सगळीकडे बारीक बारीक फुलं उमललेली, हिरवट, पाण्याबरोबर हलतायत. पट्टेरी मासे त्यांच्यात तोंड घालून फिरतायत. मी कप तसाच हातात धरून उभा. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की तो फुटला नव्हता.

धर्मराजला भट्टीवरून बोलावलं, दाखवायला बोट लावलं. सगळं मिटलं. लाजाळू दगड आहे, एवढंच. जिवंत वगैरे काही नाही.

शनिवार, ६ मार्च

गळतीने पाणी कमी झालं. चंदरच्या डब्यांची वाट कोण बघणार? समुद्र म्हणजे काय, पाणी आणि मीठ. बादलीत मीठ कालवलं, चाखलं, पुन्हा घातलं. आयेच्या माशाच्या कालवणाची चव आली तिथे थांबलो. धर्मराज म्हणाला, "कोथमीर पन टाक." या माणसाला सायन्स कळत नाही.

फुलं आज उमलली नाहीत. शनिवार आहे.

मंगळवार, ९ मार्च

सेठची तक्रार. मासे चवलीच्या नाण्याएवढे, दिसतच नाहीत. "दो रुपये का दिखाव, दस रुपये का खर्चा." त्याला मोठा मासा पाहिजे. मुंबईच्या बाजारातून जोडी आणली. नाव तिलापिया. विकणारा म्हणाला, परदेशातून सिलोनला आला, सिलोनहून इथे आला. गोड्या पाण्यात जगतो, खाऱ्यात जगतो, गटारात पण जगतो, काहीही खातो. असा कर्तबगार मासा मी पाहिला नव्हता. माझ्यासारखाच आहे. कुठेही टाका.

शुक्रवार, १२ मार्च

पट्टेरी माशांपैकी एक दिसत नाही. दगडामागे विश्रांती घेत असावा. दुसऱ्याला शेपूट कमी आहे. खेकडा गेला कुठे? खेकडे भटके असतात. काउंटरखाली शोधलं, सेठाणीची चप्पल मिळाली.

तिलापिया जोरात. तोंडाने वाळू उपसून खड्डे पाडतात. सगळी माती दगडावर. उद्योगी आहेत, घर बांधतायत.

धर्मराज म्हणाला, दुसरा पट्टेरी बाहेर काढ, नाहीतर तोही पोटात जाईल. मी म्हणालो, समुद्रातलं तुला काय कळतं? तो म्हणाला, "समुद्रातलं नाय कळत. दोन ताटं आन् चार खानारे, हे कळतं."

बुधवार, १७ मार्च

तिलापियाची मादी काही खात नाही. गळा फुगलाय. गालगुंड. औषध म्हणून पाण्यात मूठभर हळद टाकली.

सोमवार, २२ मार्च

सकाळी मादीने तोंड उघडलं आणि भसाभस पोरं बाहेर ओकली. मी सेठला हाक मारली. सेठ म्हणाला, "मुँह से?" मी म्हणालो, हो, समुद्रात काहींना असा त्रास होतो. माझंही तसंच आहे.

नंतर जरा पाणी हललं, तर सगळी पोरं परत तोंडात गेली. सेठ खूश. सगळ्या कॅम्पात सांगत सुटला. संध्याकाळी रेडिओ सोडून आठ-दहा गिऱ्हाइकं इकडे! पार्टनरशिप नक्की.

दुसरा पट्टेरी पण विश्रांतीला गेला.

शनिवार, २७ मार्च

दगड पांढरा झाला. एकदम शुभ्र. हळदीचा गुण. बाबांनी मातकट पाठवला होता, मी दहा दिवसांत उजळवला. सेठ म्हणाला, "वाह साईं, संगमरवर!" फुलं काही येत नाहीत, पण पांढऱ्यावर फुलं शोभलीही नसती.

घरी पत्र: ‘दगडाची प्रकृती उत्तम. गोरा झाला.’

सोमवार, ५ एप्रिल, चेटीचंड

काय तो दिवस! त्यांचा देव झूलेलाल माशावर बसतो. सेठच्या आईने, अम्माने, टाकीतला तिलापिया पाहिला आणि हात जोडले. मला विचारलं, "पुट, ही छा आहे?" म्हणजे, बाळा, हे काय आहे? मी सिंधीत सांगितलं, "समुद्र आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे फाळणीआधी सक्करला ती नदीत अखो सोडायची, म्हणजे तांदूळ आणि साखर. इथे नदी कुठे? मग तिने टाकीतच मूठ सोडली. मागून मावशीने सोडली. मग सगळ्या आळीने. कोणी दूधही घातलं. नको कसं म्हणणार? दर मुठीमागे एक फालुदा खपत होता. शिवाय म्हातारी दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती.

रेडिओवाला दारात येऊन बघत उभा. सेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "हरी मेरा भागीदार!"

धर्मराजला कपबशा विसळायला सांगितल्या. विसळल्या नाहीत.

संध्याकाळी टाकीची खीर झाली होती. तिलापिया फुगलेले, पण हसतमुख.

गुरुवार, ८ एप्रिल

वास येतोय. थोडा. समुद्राला वास असतोच. एक गिऱ्हाईक म्हणालं, सुकट विकायला लागलात का? दुसरं आत न येताच रेडिओकडे वळलं. पाणी बदलायला पाहिजे, पण मीठ महाग झालंय.

शनिवार, १० एप्रिल

खीर उपसली. दगडाला बोट लावलं. मिटायला वर काही नव्हतंच. बुळबुळीत साल बोटाबरोबर निघून आली. आत नुसती भोकं.

दगड मेला.

बाबांचा पाय दोन वेळा कापला होता.

पण यात माझा दोष किती? माझा थोडा, सेठचा जास्त, धर्मराजचा सगळ्यात जास्त. त्याने आणखी ठासून सांगायला पाहिजे होतं.

रविवार, ११ एप्रिल

सेठाणीने कपाटाच्या काचा ओळखल्या.

सेठने मला बसवून हिशेब समजावला. लोहार, मीठ, मासे, तीन दिवस न आलेलं गिऱ्हाईक. मग म्हणाला, "भागीदारी दी थी ना? सिंधी जबान नहीं फेरता. नुकसान में चार आना तेरा." पगारातून कापणार. तिलापिया सगळे मलाच दिले. अम्माने मात्र गूळ दिला. तिला वाटतं मी देवमाणूस आहे. कॅम्पात माणसांची पारख तिलाच आहे.

मंगळवार, १३ एप्रिल

कपबशा पुन्हा माझ्याकडे. मासे बादलीत. एवढी मेहनती जात वाया घालवायची नाही. धर्मराजला म्हणालो, पालेगावच्या तळ्यात सोडतो, वर्षात तळं भरून जाईल. तो कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. "तळ्यात आमचे झिंगे हायत, मळे मासे हायत. आया-बहिनी पावळ्याचं जाळं टाकून आठवड्याचं कालवण काढतात. तळ्याच्या बाजूला दिसलास तर तंगडं तोडीन!"

कूपमंडूक. तळ्यावरच्या लोकांची दृष्टी तळ्याएवढीच.

त्यावरूनच सुचलं. तळं कशाला? आमचा समुद्र आहे की!

गुरुवार, १५ एप्रिल

योजना पक्की. चंदरबरोबर जोडी आणि जगलेली सहा पोरं, असे आठ तिलापिया गावी रवाना. बाबांना पत्र: ‘शंभर रुपये आत्ता पाठवत नाही, त्याहून मोठी गोष्ट पाठवतोय. जिथून दगड काढला त्याच खडपावर हे सोडा. एकाचे शंभर होतील. पुढच्या साली जाळं टाकलं की उचलवणार नाही.’ जाळं फाटलंय हे लिहून झाल्यावर आठवलं. पण मुद्दा तोच.

पांढरा दगडही दिला, नमुना म्हणून. चंदरने डब्यात पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग परत डब्यात. विचारलं, "बाकीचा सगळा ह्येनीच खाल्ल्यानी?" मी म्हणालो, उद्योगी आहेत. त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. खलाशी लोक मोजकंच बोलतात.

ठराव: पुढच्या साली मालवणात ‘हरिचंद्र फिशरी’. धर्मराजला नोकरी देणार नाही. मागितली तर देईन.

सोमवार, ३ मे

बाबांचं पत्र.

"झिला, मासे पावले. चंदरान टाकयेतला सगळा सांगल्यान. खडपार सोडूक नाय. त्या दगडाच्या कपारीत माझ्या बापाशीन गरी टाकल्यान, मीयाव टाकतंय. थयसर तुझी आठ भुतां सोडलंय तर उद्या खाऊचा काय? तुझ्या आवशीन तेंचा कालवण केल्यान. चव चिखलाची, काटे भारी. मांजरान पण अर्धा टाकल्यान. दगड आवस तुळशीकडे ठेवन आसा. रोज पाणी घालता. म्हणता, हरीन धाडलो. मासे परत धाडू नको. पैशे धाड."

आठही खाल्ले. फिशरी आयेने एका दुपारी संपवली. खेडवळ लोकांना सायन्स कळत नाही.

दुपारी पुन्हा वाचलं. रोज पाणी घालते म्हणे.

सेठच्या चार आण्यांनंतर पगारातलं जे उरलं, त्यातून आठ रुपये पाठवणार होतो. आज सकाळी अर्धा डझन बशा फुटल्या. फोडल्या नाहीत. धर्मराजने सेठला सांगितलं, भट्टीच्या धगीने तडकल्या. सेठने तरी पैसे कापलेच. हे धर्मराजने का सांगितलं, कळत नाही. भट्टी त्याची, म्हणजे ठपका त्याच्यावरच.

कुपनावर लिहिलं: ‘जाळ्याच्या शंभरातले पहिले. एका टोकाने विणायला घ्या.’

मनिऑर्डर, रुपये सहा.