चादरींच्या खोलीतली दहा मिनिटं

३ जून, सकाळी ७
वॉर्डात शिरताच एकेकीची विचारपूस केली. उंचाडीची कंबर धरलीय. हसरीला चार दिवस झोप नाही. चष्मेवालीची आई वरच्याच मजल्यावर ॲडमिट, पुढच्या सोमवारी सकाळी ऑपरेशन. मायेनं सगळं ऐकून घेतलं. निम्मं दुखणं तिथंच पळालं. मग तिघींना डबल ड्यूटी लावली.
संकल्प : मी मेट्रन असताना आता एकही नर्स सोडून जाणार नाही. गेल्या वर्षी अकरा गेल्या. सगळ्यांचं कारण 'घरगुती'. फॉर्मवर ते मीच छापून ठेवलंय, पोरींना लिहायचा त्रास नको.

५ जून
चादरींच्या खोलीत रडायची सोय केली. दहा मिनिटं, वहीत सही करून. सोबतीला मी. उंचाडी म्हणाली, मॅडम, तुम्ही बाहेर थांबाल का? लाजाळू कुठली!

६ जून
उंचाडी गेली. घरगुती.

८ जून
चष्मेवालीनं सोमवारची सुट्टी मागितली. म्हटलं, अगं, शीर सापडावी ती तुझ्याच हाताला. आईजवळ डॉक्टर आहेत की! ती म्हणाली, आईला फक्त माझा हात धरायचाय. म्हटलं, इथं मी नाही का तुझी आई? ट्रे उचलून वॉर्डात गेली. पटलं असावं.

१० जून, सोमवार
दुपारी वरून फोन : चष्मेवालीच्या आईचं जास्त झालंय, लगेच पाठवा. ती नऊ नंबरच्या आजोबांना सलाईन लावत होती. सांगितलं असतं तर हात थरथरला असता. मग दहा नंबर. मग अकरा. मग सांगितलं. धावत गेली. उशीर झाला होता.
तिला खोलीत नेलं, दहाची वीस मिनिटं दिली. टिपूस काढलं नाही, वहीत सहीही केली नाही. किती खंबीर! नव्या मुलींना हिचंच उदाहरण देईन.

११ जून
हसरीनं फोनची वही उघडून कालची २.१०ची नोंद दाखवली. म्हणाली, मॅडम, अक्षर तुमचंच ना? म्हटलं, नोंद चोख ठेवायची सवयच आहे मला. ती हसली नाही.
दोघींचे राजीनामे. चष्मेवालीनं 'घरगुती' खोडून लिहिलंय : २.१० ते २.३०. हे काय कारण झालं? ही तर वेळ आहे.

१४ जून, दुपार
वॉर्डात मी एकटी. आजोबांना चारदा टोचलं. कळवळून म्हणाले, बाई, तुम्ही राहू द्या, ती चष्मेवाली पोर बोलवा.
चादरींच्या खोलीत गेले. वहीत सही केली. माझ्या आधी एकच सही, उंचाडीची. बाहेर घंट्या वाजत होत्या. दहा मिनिटं पुरली नाहीत.
मग चष्मेवालीला पत्र लिहिलं : बाळ, तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? राग धरू नकोस. उत्तर लवकर पाठव. रविवारची ड्यूटी तुझ्याच नावावर लावलीय.