बाईंच्या राइफलची पिन

४ मार्च

तुटली! परत!! जानेवारीतच मामाने नवी फायरिंग पिन करून दिली होती. आज टोपीवाल्या आजोबांनी मामाच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात येऊन राइफल बाकावर ठेवली, खिशातून रुमाल काढला, हळूच उलगडला — दांडी वेगळी, टोक वेगळं.

मामा उठला, बेसिनवर जाऊन साबणाने हात धुऊन आला. बाकीच्या बंदुकांना तेलकट हातानेच भिडतो, पण ही राइफल आली की साबण! मग म्हणाला, "बाईंची आहे ना? ठेवा." आणतात आजोबा, पण मामाच्या तोंडी ती कायम 'बाईंची राइफल'.

माझा या राइफलवर लिटरली क्रश आहे. जुन्या धाटणीची, एका वेळी एकच काडतूस. खालचा लिव्हर ओढला की नळीमागचा ठोकळा सर्रकन खाली सरकतो. पिन त्या ठोकळ्याच्या पोटात. काडीपेटीतल्या काडीएवढी, पण ती गेली की सगळी राइफल म्हणजे नुसती काठी.

मला राहवलं नाही. "आजोबा, घरी रिकामी चालवता का हो? काडतूस न घालता?" मामाने टेबलाखालून लाथ मारली. आजोबांनी टोपी काढली, बाकावर ठेवली, हातांकडे बघत बसले.

"आता करून द्याल ती तुटली तर शेवटचं," म्हणाले. "मुलाला शब्द दिलाय. पिनेचं भोक वेल्डिंगने बुजवायचं आणि भिंतीवर टांगायची. शोभेला."

टोपी विसरून गेले.

५ मार्च

रिकामी चालवल्यावरच तुटते, मला शंभर टक्के खात्री आहे! घोडा पिनेवर आदळतो, पिन पुढे झेपावते, आणि पुढे तिला अडवायला काडतूसच नसतं. सगळा दणका टोकाच्या मानेवर. रोज रोज तेच झालं तर मान मोडणारच.

मामाला म्हटलं, "विचारलं पाहिजे त्यांना."

"काही गोष्टी विचारायच्या नसतात."

"डॉक्टरने विचारलं नाही तर औषध काय देणार?"

"इंजिनीअरबाई, आधी दुसरं वर्ष पास व्हा. मग डॉक्टर."

मग मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसले तर ओरडला. "तिथे नको. ते हलतं."

तो चहा आणायला गेल्यावर बसून बघितलं. अजिबात हलत नाही.

७ मार्च

टोपी द्यायला गेले होते. जाऊ नये म्हणून मामा दोनदा बोलला, पण टोपी बिचारी काय बाकावरच राहणार?

आजोबांनी दार उघडलं. पुढच्याच खोलीत आजी उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर काळ्या कागदाचं एक गोल टिकलीसारखं चिकटवलेलं. त्यांचे हात रिकामे होते, पण राइफल धरल्यासारखे — डावा हात पुढे, उजवं कोपर वर, गाल तिरका. श्वास सोडला, अर्ध्यात थांबवला. बोट ओढलं.

मग वाट बघत राहिल्या.

काहीच वाजलं नाही. त्यांनी बोटाकडे बघितलं. परत धरलं, परत ओढलं. परत बोटाकडे. लहान बाळ बंद पडलेल्या खेळण्याकडे बघतं ना, तसं.

"रोज साडेपाचला," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "हिच्या डोक्यातून माझं नाव गेलं. मुलाचं गेलं. जेवले का तेही आठवत नाही. हे तेवढं राहिलंय. मी नळी तीनदा तपासून मगच हातात देतो. घरात एक काडतूस नाही, कित्येक वर्षं नाही. पण मुलाला भीती वाटते, त्याचंही खरंच आहे." मग हसले. "पूर्वी बंदुकीचं काहीही असो, हिला आधी कळायचं."

आजींनी मला विचारलं, "तू कोणाची गं?"

मी म्हटलं, "राइफलवाल्याची भाची."

"मग आण ना लवकर."

८ मार्च

मामाला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"मला ठाऊक आहे," म्हणाला. "पिन तू कर."

मी?! गेले आठ महिने मला फक्त कानस आणि पुसायचं फडकं मिळालंय!

"लाल तापलेलं पोलाद बुडवून त्याला पाणी द्यायचं, मग परत हलकं तापवायचं, आणि निळा रंग आला की त्याच क्षणी थांबायचं. तो निळा मला आता दिसत नाही गं. सगळं करडंच दिसतं. जानेवारीची पिन अंदाजानेच केली." थोडा थांबला. "तुझ्या आईला सांगू नकोस. लगेच मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेईल."

त्याच्या कपातला चहा गार झाला होता, तो गरम करून आणला.

१० मार्च

पहिली पिन — वाकली. मऊ राहिली.
दुसरी — मामाने चिमट्यात धरून हलकं दाबलं, काचेसारखी टच्चकन गेली.
तिसरी घरंगळत बाकाखाली. अजून सापडली नाही.

मामा: "पाणी दिलंस की आंघोळ घातलीस?"

११ मार्च

रडले. बोट भाजलं म्हणून, असं मामाला सांगितलं. त्याने मलम दिलं आणि तोंड फिरवून बसला. कळलं असणार त्याला.

१२ मार्च

निळा!!! आला! थांबवला! मोराच्या मानेचा निळा!

१३ मार्च

टोक गोल केलं. टोकदार ठेवलं तर काडतुसाच्या बुडाची, ठोका झेलणारी टोपी फाटते म्हणे. व्हर्नियरने मोजलं, भिंगाखाली बघितलं, मामाने नखावरून फिरवून बघितलं. "गुळगुळीत आहे," म्हणाला.

आणि माझं स्वतःचं डोकं! एक रिकामं पितळी काडतूस घेऊन, जिथे पिन आदळते तिथे मागे छोटी स्प्रिंग आणि वर रबर बसवलं. डमी! आता ठोका रबराने झेलायचा. पिन तुटणारच नाही. भोक बुजवायला नको. जीनियस आहे मी.

१४ मार्च

जीनियस नाही.

आजींनी राइफल घेतली, चेहरा एकदम फुलला. नेम धरला. चाप ओढला. 'थप्.'

राइफल खाली घेतली. "मेली ही," म्हणाल्या आणि आजोबांच्या हातात देऊन आत निघून गेल्या. आजोबा मागून हाका मारत राहिले — "अगं, बघ तरी, अगं!"

डमी काढली तर खणखणीत वाजेल, पण पिन दोन महिन्यांत जाईल आणि मग वेल्डिंग. डमी ठेवली तर पिन वाचेल, पण आजींच्या लेखी राइफल मेलेली. काय करू?

राइफल परत घेऊन आले.

१६ मार्च

रबराऐवजी नायलॉन — 'टप'. चामडं — 'फुस'. मामा डोळे मिटून बसतो आणि नापास करतो. "डोळे गेलेत, कान नाही गेलेत! हं, पुढचं."

कडक लाकूड जवळपास जमलं, पण दहाव्या ठोक्याला चिरलं.

१८ मार्च

मामा सकाळी त्याचा जुना कोट घेऊन आला. मामीने त्याला टाकून दे म्हणून किती वेळा सांगितलं असेल! त्याचं सगळ्यात वरचं बटण कात्रीने कापलं. "शिंगाचं आहे. बसव."

गोल कापलं, घासलं, स्प्रिंगवर बसवलं. मामाने डोळे मिटले.

'टक्.'

"परत."

'टक्.'

डोळे उघडलेच नाहीत बराच वेळ. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "हाच."

१९ मार्च

साडेपाच. नेम. श्वास अर्ध्यात. 'टक्.'

आजी त्या काळ्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागली."

आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी बुटाची लेस बांधत बसले. माझ्या बुटांना लेस नाहीत.

२३ मार्च

आजोबांचा फोन. रोज चालवतात. पिन ठीक. मुलगाही बघून गेला, सध्या काही बोलत नाहीये.

मामाला म्हटलं, आता तुझं ऑपरेशन. आईला मीच सांगितलंय. चिडला. मग विचारलं, "दुखतं का गं?"

२६ मार्च

आजोबा दारात, खांद्याला राइफल. हातात तोच रुमाल.

"तुटली?"

"नाही गं. हिने स्वतः काढली. स्क्रूड्रायव्हर हा शब्द आठवेना, तर हाताने फिरवून दाखवला. ठोकळा उघडला, पिन काढली, बोटांत फिरवली आणि म्हणाली — 'टोक एका अंगाला झुकलंय. करणाऱ्याला परत दे.'"

भिंगाखाली धरली. झुकलंय. केसाएवढं. मी मोजूनही सुटलं होतं, मामाच्या नखातूनही.

मामा खळखळून हसायला लागला. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"माझी पहिली पिन पण बाईंनी असंच म्हणून परत दिली होती. मी इथे उभा, आणि त्या तिथे," — खिडकीजवळच्या स्टुलाकडे बोट. "सगळं त्यांनीच शिकवलं मला." मग आजोबांना म्हणाला, "उद्या घेऊन या त्यांना. पोरीला शिकायचंय."

मी स्टूल पुसून ठेवलंय.